ठेच लागलेल्याचं शहाणपण कुठे जातं?

उंबरठा :
बरेच महिने हा धागा काढायचं मनात होतं. लिहायला बसलो की हात थांबायचा.

माझा व्यवसाय बंद होऊन आठ महिने झाले. छोट्या दवाखान्यांसाठी अपॉइंटमेंटचं सॉफ्टवेअर बनवत होतो. तीन वर्षं चाललं. भरात होतो तेव्हा ४१ दवाखाने वापरत होते, शेवटी १३ उरले. आम्ही पाच जण होतो. शेवटच्या महिन्याचे सगळे पगार दिले, देणी फेडली आणि कुलूप लावलं.

तेव्हापासून भेटेल तो सांगतो, अपयश ही यशाची पहिली पायरी. प्रेमाने सांगतात, त्यांच्यावर राग नाही. पण कुणी पुढे विचारलं, "मग काय शिकलास?", तर माझं उत्तर दर वेळी बदलतं. कधी म्हणतो, मोठ्या प्रतिस्पर्ध्याने तेच फुकट द्यायला सुरुवात केली. कधी म्हणतो, विक्री जमली नाही. कधी म्हणतो, भागीदार मध्येच निघून गेला. तिन्ही खरं आहे. पण पुढच्या वेळी सकाळी उठून मी नक्की काय वेगळं करायचं, हे यातलं एकही उत्तर सांगत नाही.

पुढच्यास ठेच, मागचा शहाणा ही म्हण लहानपणापासून ऐकतो आहे. आता तिच्यातली एक गोष्ट टोचते. शहाणा होतो तो मागचा. ज्याचा अंगठा फुटला तो शहाणा झाला, असं म्हण कुठेच म्हणत नाही.

तर ज्यांचा धंदा बुडाला आणि ज्यांनी पुन्हा उभा केला, त्यांना विचारतो. आपण खरंच शिकलो हे तुम्हाला कशावरून कळलं? सुविचार नकोत. घडलेलं सांगा.

कोरी_वही :
मी येत्या काही महिन्यांत नोकरी सोडून स्वतःचं सुरू करणार आहे, त्यामुळे इथला एकेक प्रतिसाद वाचणार. मला धीर देणारं उदाहरण जेम्स डायसनचं. पिशवी नसलेला व्हॅक्यूम क्लीनर बनवताना त्यांनी ५,१२७ नमुने केले, म्हणजे ५,१२६ फसले. १९९३ मध्ये स्वतःच्या नावाचं यंत्र बाजारात आणलं. एवढ्या वेळा फसूनही जो उभा राहतो, तो शिकल्याशिवाय कसा राहील?

अनुस्वार :
पायरीबद्दल एक शंका. पायरी चढायलाही असते आणि उतरायलाही. तोंड कुठल्या दिशेला आहे ते आधी बघायला हवं. :)
उंबरठा, धागा मनापासून लिहिलाय. वाचतोय.

पाना_पकड :
कोरी_वही, डायसनचं उदाहरण चांगलंच आहे, पण तुम्ही दोन वेगवेगळी अपयशं एका पिशवीत टाकताय. कार्यशाळेत नमुना फसतो तेव्हा एकच गोष्ट बदललेली असते. काल धूळ वेगळी करणाऱ्या शंकूचा कोन वेगळा होता, आज वेगळा आहे, धूळ अडकली की नाही ते संध्याकाळपर्यंत कळतं. धंदा बुडतो तेव्हा एकाच वेळी पन्नास गोष्टी बदललेल्या असतात आणि निकाल तीन वर्षांनी लागतो. उंबरठा यांना तीन उत्तरं सुचतात ती म्हणूनच.

डायसनच्या आयुष्यात दुसऱ्या जातीचं अपयशही आहे, त्याबद्दल कमी बोललं जातं. व्हॅक्यूम क्लीनरच्या आधी त्यांनी चाकाऐवजी मोठा चेंडू लावलेली हातगाडी काढली होती. तिचं पेटंट त्यांनी स्वतःकडे न ठेवता कंपनीच्या नावावर केलं. पुढे भागधारकांशी बिनसलं, १९७९ मध्ये कंपनीतून बाहेर पडावं लागलं आणि स्वतःचाच शोध हातून गेला. त्यानंतर मात्र त्यांनी आपल्या शोधांचे हक्क आपल्या हातात ठेवले. माझ्या मते ते ५,१२६ नमुने म्हणजे चिकाटी. धडा म्हणायचा तर हा पेटंटचा.

आता माझं. माझे दोन उद्योग बुडाले, तिसरा अकरा वर्षं चालू आहे. पहिला लेथवर सुटे भाग बनवण्याचा. कामाचा मोठा हिस्सा एकाच गिऱ्हाइकाचा. त्यांनी डिझाइन बदललं, आमचा भागच नको झाला, आणि सहा महिन्यांत आम्ही संपलो. मी धडा घेतला की एका गिऱ्हाइकावर अवलंबून राहायचं नाही. पटतो ना? मलाही पटला होता. दुसऱ्या वेळी बावीस छोटी गिऱ्हाइकं धरली. प्रत्येकाचा माल वेगळा, माप वेगळं, टॉलरन्स (मापात चालणारा फरक) वेगळा. मशीन धातू कापायचं कमी आणि आमची माणसं सेटिंग बदलत बसायची जास्त. ऑर्डरी भरपूर, माणसं थकलेली, हातात पैसा नाही. दोन वर्षांत तेही बंद.

पहिल्या ठेचेने मला दुसऱ्या खड्ड्यात ढकललं. आणि मला वाटत होतं की मी शिकून शहाणा झालोय.

तिसऱ्या वेळी धडा शब्दांत न ठेवता मोजमापात ठेवला. दर महिन्याला एक आकडा काढतो, आजचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक उद्या गेलं तर आपण किती दिवस तग धरू. आणि दुसरा आकडा, मशीनच्या दर दहा तासांतले किती तास सेटिंगमध्ये गेले. पहिल्या आकड्यात पहिलं अपयश आहे, दुसऱ्यात दुसरं. एक सुधारायला गेलं की दुसरा बिघडतो, म्हणून दोन्ही एकाच पानावर लिहितो. तुम्ही विचारलंत कशावरून कळलं. ते पान आहे, त्यावरून.

रातराणी :
पाना_पकड, हा प्रतिसाद जपून ठेवला आहे.

गणिती :
पाना_पकड यांच्या दुसऱ्या खड्ड्याचं मोठं उदाहरण म्हणजे हेन्री फोर्ड. त्यांची पहिली कंपनी १८९९ मध्ये सुरू झाली आणि १९०१ मध्ये गुंडाळली गेली. त्याच वर्षी दुसरी निघाली, तिथे गुंतवणूकदारांशी पटेना म्हणून १९०२ मध्ये ते बाहेर पडले. ते गेल्यावर त्याच कंपनीची कॅडिलॅक झाली. तिसरी १९०३ ची, ती आजपर्यंत आहे. दोन अपयशांतून त्यांनी घेतलेला धडा होता की निर्णय आपल्या हातात हवेत. १९१९ पर्यंत इतर भागधारकांचे सगळे हिस्से त्यांनी विकत घेतले. त्या धड्याने त्यांना वर नेलं हे खरंच. पण नंतर त्यांना अडवू शकेल असं कुणी उरलं नाही. १९०८ चं मॉडेल टी त्यांनी १९२७ पर्यंत ओढलं, आणि तोवर लोक दुसऱ्या कंपन्यांच्या गाड्यांकडे वळले होते.

आणखी एक. आपण डायसन आणि फोर्ड यांची नावं घेतो कारण ते परत आले. दुसऱ्या महायुद्धात अब्राहम वाल्ड या गणितज्ञाकडे प्रश्न आला होता की परतलेल्या विमानांना गोळ्या कुठे लागल्या ते पाहून चिलखत कुठे वाढवावं. त्यांचं म्हणणं होतं की परतलेल्या विमानांवर जिथे भोकं कमी दिसतात तिथलीच काळजी करा, कारण तिथे गोळी लागलेली विमानं परतलीच नाहीत. दोनदा बुडून तिसऱ्यांदाही बुडालेल्यांची चरित्रं कुणी छापत नाही. त्यांनीही धडे घेतले असतीलच.

आकडेही आहेत. हार्वर्डमधल्या अभ्यासकांचा २०१० मध्ये प्रसिद्ध झालेला शोधनिबंध आहे, अमेरिकेतल्या जोखीम-भांडवल (व्हेंचर कॅपिटल) मिळालेल्या कंपन्यांवरचा. आधी यशस्वी झालेला उद्योजक पुढच्या खेपेला यशस्वी होण्याचं प्रमाण सुमारे ३० टक्के निघालं. पहिल्यांदाच उतरलेले आणि आधी अपयशी ठरलेले, दोघेही २० टक्क्यांच्या आसपास. म्हणजे अपयशाचा अनुभव गाठीशी असून नवख्यापेक्षा फारसा फरक पडला नाही.

कोरी_वही :
बाप रे. मग तर उंबरठा यांची शंका बरोबरच ठरते.

तिरकस_रेघ :
बरोबरच आहे. मी इथे अनेकांशी असहमत होणार आहे, राग मानू नये. मी स्वतः एक छापखाना चालवून बंद केला आहे, त्या अधिकाराने लिहितो.

अपयश शिकवतं हेच मला मान्य नाही. अपयश दुखावतं. दुखावलेला माणूस मान फिरवतो. २०१९ मध्ये शिकागो विद्यापीठातल्या दोन संशोधकांनी एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. लोकांना दोनच पर्याय असलेले प्रश्न विचारले. काहींना फक्त बरोबर आलेल्या उत्तरांबद्दल सांगितलं, काहींना फक्त चुकलेल्यांबद्दल. दोनच पर्याय असल्यामुळे "चुकलं" म्हटलं तरी खरं उत्तर आपोआप कळतंच. माहिती दोघांनाही सारखीच मिळाली. तरीही पुन्हा विचारल्यावर "चुकलं" ऐकलेल्यांना कमी आठवलं. त्यांनी मनातून कान बंद केले होते.

आता खरी गंमत पुढे आहे. लोक जेव्हा दुसऱ्या कुणाची चूक बघत होते, तेव्हा मात्र व्यवस्थित शिकले. म्हणजे उंबरठा, आपली म्हण शब्दशः खरी आहे. मागचा शहाणा होतो कारण त्याचा अंगठा दुखत नसतो.

म्हणून मी छापखाना का बंद पडला याचा शोध घेणं सोडून दिलं आहे. दुसऱ्यांचं वाचतो.

हिशेबनीस :
तिरकस_रेघ, प्रयोग पटला, शेवट पटला नाही. दुखतं म्हणून शोध सोडायचा असेल तर दुखत नाही अशा जागी शोधा. वह्यांमध्ये.

माझं कामच हिशेब तपासण्याचं. पंचवीसएक वर्षांत अनेक धंदे बंद होताना जवळून पाहिलेत. मालकाला कारण विचारलं तर तो शेवटच्या तीन महिन्यांतली गोष्ट सांगतो: मोठी ऑर्डर रद्द झाली, बँकेने हात आखडला, मंदी आली. वह्या उघडल्या की सुरुवात त्याच्या वर्ष-दीड वर्ष आधी दिसते. एका व्यवसायात विक्री वाढत होती, ताळेबंदात नफा होता, सगळे खूश. पण उधारीची वसुली पूर्वी ४० दिवसांत व्हायची ती ११० दिवसांवर गेली होती. विक्री जितकी वाढेल तितका पैसा बाहेर अडकणार. खेळतं भांडवल आटत गेलं आणि नफ्यात असताना पगार थांबले. मालक आजही म्हणतो, एका गिऱ्हाइकाने पैसे बुडवले म्हणून संपलो. ते गिऱ्हाईक नसतं बुडालं तर दुसरं कुणी निमित्त झालं असतं.

उंबरठा, एका गोष्टीबद्दल तुमचं मनापासून कौतुक. सगळ्यांचे पैसे देऊन बंद केलंत. हे फार कमी जणांना जमतं. स्लॅक हे कामाच्या ठिकाणचं गप्पांचं सॉफ्टवेअर ज्यांनी काढलं, ती मंडळी आधी ग्लिच नावाचा ऑनलाइन खेळ चालवत होती. खेळ पुरेसा चालेना. खात्यात पैसे शिल्लक असतानाच त्यांनी २०१२ च्या अखेरीस तो बंद केला आणि वेगवेगळ्या शहरांत बसलेल्या आपल्याच माणसांसाठी बनवलेलं अंतर्गत साधन उत्पादन म्हणून पुढे आणलं. पैसे संपेपर्यंत खेळ ओढला असता तर ते साधन हार्डडिस्कवर पडून राहिलं असतं. वेळेत बंद करणं हे धंद्यातलं स्वतंत्र कौशल्य आहे आणि ते कुणी शिकवत नाही.

कोरी_वही, तुमच्यासाठी. इंग्लंडमध्ये १८५५ च्या कायद्याने मर्यादित जबाबदारी आली ती याचसाठी की धंदा बुडाला तरी माणूस बुडू नये. कंपनी स्थापन करून ते संरक्षण मिळवायचं आणि मग कर्जासाठी वैयक्तिक हमीवर सही करून ते परत देऊन टाकायचं, हे रोज घडतं. सही करण्याआधी घरच्यांना तो कागद वाचून दाखवा. पुन्हा उभं राहायला पायाखाली जमीन लागते.

सांजवेळ :
घरच्यांचा उल्लेख आला म्हणून लिहिते. मी उद्योजक नाही. माझ्या नवऱ्याचा व्यवसाय सहा वर्षांपूर्वी बंद झाला.

पहिले काही महिने येणारा प्रत्येक जण त्याला "यातून काय शिकलास" विचारायचा. तो हसून काहीतरी सांगायचा आणि पाहुणे गेले की तासभर गच्चीवर जाऊन उभा राहायचा. माणूस गेल्यावर दहाव्या दिवशी कुणी घरच्यांना विचारतं का, की यातून काय शिकलात?

नंतर मला कळलं की यावर अभ्यास झालेला आहे. डीन शेफर्ड नावाच्या संशोधकाने २००३ मध्येच मांडलं होतं की व्यवसाय बुडणं हा शोक असतो आणि तो शोक शिकण्याच्या आड येतो. उपाय म्हणून ते सांगतात की सतत त्याच विषयात बुडून राहू नये आणि पूर्ण टाळूही नये. थोडं आत जावं, मग बाहेर येऊन दुसऱ्या कामाला लागावं, पुन्हा आत जावं. आमच्याकडे हे नकळत तसंच झालं. तो आठवड्यातून एक दिवस जुन्या फायली उघडायचा, बाकीचे दिवस दुसऱ्यांच्या प्रकल्पांवर काम करायचा. सुरुवातीला फाईल उघडून दहा मिनिटांत मिटायचा. वर्षभराने एकदा दुपारभर बसला आणि संध्याकाळी म्हणाला, "मला वाटत होतं मी वाईट व्यवस्थापक होतो. मी तो आणखी एक मोठा विस्तार करायला नको होता, एवढंच आहे." त्या दिवशी तो जेवताना बोलत होता, कितीतरी दिवसांनी.

उंबरठा, आठ महिने फार झाले असं तुम्हाला वाटत असेल. फार झालेले नाहीत.

तिरकस_रेघ :
सांजवेळ ताई, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. छापखान्याच्या फायली माळ्यावर आहेत. आज इतकंच लिहितो.

पाना_पकड :
तिरकस_रेघ, घाई नको. आणि सगळ्याच फायलींमध्ये तुमची चूक सापडेल असंही नाही. थॉमस एडिसननी १८९० च्या दशकात हलक्या प्रतीच्या खनिजातून चुंबकाने लोखंड वेगळं काढण्याचा प्रचंड कारखाना उभारला. अवाढव्य दगड भरडणारी यंत्रं स्वतः बनवली आणि ती चालत होती. पण मिनेसोटात मेसाबी भागात उत्तम प्रतीचं खनिज उघड्यावर, सहज खणता येईल असं सापडलं आणि भाव कोसळले. कारखाना बंद. त्या वेळी "एडिसन कुठे चुकले" असं विचारून काही हाती लागलं नसतं. "यातलं काय अजून चालतंय" असं विचारल्यावर लागलं. तीच भरडण्याची विद्या घेऊन १८९९ मध्ये त्यांनी सिमेंटची कंपनी काढली.

म्हणून मी दोन प्रश्न वेगळे ठेवतो. काय मोडलं हा एक. काय शाबूत राहिलं हा दुसरा, आणि तो बरेच जण विचारतच नाहीत.

अनुस्वार :
सगळे धंद्यातले जाणकार बोलताहेत, मी भाषेच्या बाजूने शिरतो. थोडं अवांतर होईल, चालवून घ्या.

आपल्या मराठीत धंदा "बुडतो", "बसतो", "मोडतो". ही सगळी क्रियापदं अशी की जणू धंदा स्वतःच स्वतःला काहीतरी करतो. माणूस वाक्यात नसतोच. "गुंडाळला", "आवरला", "बुडवला" म्हटलं की लगेच प्रश्न येतो, कुणी? उंबरठा यांची पहिली पोस्ट पुन्हा वाचा. "व्यवसाय बंद होऊन आठ महिने झाले." प्रतिस्पर्ध्याने फुकट दिलं, विक्री जमली नाही, भागीदार निघून गेला. तीन वाक्यांत एकदाही "मी" कर्ता नाही. आणि ज्या वाक्यांत ते स्वतः आहेत, "पगार दिले, देणी फेडली, कुलूप लावलं", तिथे काय केलं ते स्वच्छ दिसतं.

म्हणून एक सुचवतो. तीच तीन कारणं प्रत्येकी "मी" ने सुरू करून लिहून बघा. दोष द्यायला नाही. वाक्यात कर्ता आला की पुढच्या वेळी काय बदलता येईल तेही दिसतं.

पाना_पकड :
वा! हे मला सुचलं नसतं. एकच सावधगिरी. काही लोक सगळ्याच वाक्यांत "मी" घालतात आणि स्वतःला झोडपत बसतात. "मी मूर्ख होतो" या वाक्यातही कर्ता आहे, पण त्यातून काही करता येत नाही. क्रियापद हातांनी करण्यासारखं हवं. मी विचारलं नाही. मी मोजलं नाही. मी सही केली.

कोरी_वही :
मला एक विचारायचंय. मी अजून सुरूच केलेलं नाही. तिरकस_रेघ म्हणतात तसं दुसऱ्यांच्या चुका वाचून आधीच शहाणं होता येईल का? की स्वतःची ठेच लागतेच?

गणिती :
लागतेच, पण अंगठ्याऐवजी बूट फुटेल अशी व्यवस्था करता येते. मानसशास्त्रज्ञ गॅरी क्लाइन यांची एक पद्धत आहे. सुरू करण्याआधी आपल्या माणसांना एकत्र बसवायचं आणि सांगायचं, "समजा एक वर्ष झालंय आणि आपलं हे काम पूर्ण फसलंय. का फसलं ते प्रत्येकाने कागदावर लिहा." काय चुकू शकेल असं नाही, फसलेलंच आहे असं धरायचं. मग भिडस्त माणूसही मनातली शंका लिहितो, कारण आता शंका घेणं म्हणजे विरोध राहत नाही.

दुसरं, निर्णय घ्याल त्या दिवशी तारीख घालून दोन ओळी लिहा: काय ठरवलं आणि काय होईल असं वाटतं. निकाल लागल्यावर आपली आठवण आपल्याला सोयीची गोष्ट सांगते. तारखेचा कागद सोयीचं सांगत नाही.

रातराणी :
मी आतापर्यंत फक्त वाचत होते. मी मालक नव्हते, बुडालेल्या कंपनीत नोकरीला होते. ग्राहकांच्या तक्रारींचे फोन घ्यायचे. कंपनी बुडतेय हे संस्थापकांना कळण्याच्या सातएक महिने आधी आम्हा फोनवाल्यांना कळलं होतं. कारण तक्रारी कमी व्हायला लागल्या होत्या. वर बैठकीत त्याला सुधारणा म्हणत. आम्हाला माहीत होतं की लोकांनी तक्रार करायचाही कंटाळा केलाय, ते वापरतच नाहीत. आम्हाला कुणी विचारलं नाही आणि खरं सांगायचं तर विचारावं अशी हवाही नव्हती. वाईट बातमी नेणाऱ्याकडे वाईट नजरेने बघायचे.

एमी एडमंडसन या संशोधक रुग्णालयांतल्या औषधांच्या चुकांचा अभ्यास करत होत्या. त्यांना दिसलं की चांगल्या चमूंमध्ये चुकांची नोंद जास्त आहे. आधी कोडं वाटलं, मग उलगडलं की ते चुका जास्त करत नव्हते, मोकळेपणाने सांगत जास्त होते. आमच्याकडे नोंदी अगदी स्वच्छ होत्या.

आणि कंपनी बुडाली तरी धडा कुठेतरी जातो, बरेचदा मालकाबरोबर नाही, कामगारांबरोबर. वेबव्हॅन ही घरपोच किराण्याची कंपनी २००१ मध्ये बुडाली, स्वयंचलित गोदामांवर अफाट खर्च करून. तिथे काम केलेले मिक माउंट्झ हे गोदामात एकेक वस्तू गोळा करण्याचा खर्च किती जातो ते बघून बाहेर पडले. त्यांनी २००३ मध्ये किवा सिस्टिम्स काढली. माणसाने कपाटांपर्यंत चालत जाण्याऐवजी यंत्रमानव अख्खं कपाटच उचलून माणसापाशी आणतात. २०१२ मध्ये ॲमेझॉनने ती कंपनी ७७.५ कोटी डॉलरना घेतली.

उंबरठा, तुमच्याकडे चार जण होते. त्यांना विचारलंत का?

उंबरठा :
नाही विचारलं. तुमचा प्रश्न वाचून बराच वेळ बसून राहिलो. मग त्यातल्या दोघांना फोन केला.

अनुस्वार यांनी सांगितलेलं आधी केलं. प्रतिस्पर्ध्याने फुकट दिलं याचं "मी" चं वाक्य असं झालं: फुकट मिळतंय म्हणून सोडून गेलेल्या दवाखान्यांना मी विचारलं नाही की तिकडे ते खरंच वापरताहेत का. हे लिहिल्यावरच लक्षात आलं की मला माहीतच नाही. म्हणून सपोर्ट सांभाळणाऱ्या मुलीला विचारलं. ती सहज म्हणाली, "सर, त्यातले निम्मे तिकडेही वापरत नाहीत. ते डायरीच वापरतात. आपल्याकडे होते तेव्हाही डायरीच वापरायचे. रात्री बसून आपल्यात भरायचे."

तीन वर्षांत हे मला माहीत नव्हतं. मी विकायचो डॉक्टरांना. डॉक्टर महिन्याच्या शेवटी तक्ते बघून खूश व्हायचे. वापरायचं होतं रिसेप्शनवरच्या माणसाने, आणि मी त्यांच्याशी बोलायचो ते फक्त प्रशिक्षणाच्या दिवशी, डॉक्टर शेजारी उभे असताना.

हिशेबनीस म्हणाले तसं मग नोंदी उघडल्या. कुठली अपॉइंटमेंट कधी भरली याची वेळ आमच्याकडे होतीच. सोडून गेलेल्या २८ दवाखान्यांपैकी १९ ठिकाणी बहुतेक नोंदी दवाखाना बंद झाल्यावरच्या वेळेच्या आहेत. टिकलेल्या तेरांमध्ये असा एकच आहे. हा तक्ता मला कुठल्याही सोमवारी दहा मिनिटांत काढता आला असता.

भागीदार गेला तेही याच सुमाराला. तो म्हणत होता, लोक वापरत नाहीत. मी म्हणत होतो, पैसे तर देताहेत.

हिशेबनीस :
शाबास. आता तुमच्या हातात एकच उत्तर आहे आणि ते बदलणार नाही.

गणिती :
तुमच्या मूळ प्रश्नाला एक जोड. वारंवार अपयशी ठरून शेवटी यशस्वी होणारे आणि कधीच न होणारे यांची तुलना करणारा एक अभ्यास २०१९ मध्ये नेचर या विज्ञान-नियतकालिकात आला होता. निव्वळ प्रयत्नांच्या संख्येने दोघांतला फरक कळत नव्हता. यशाकडे जाणाऱ्यांचा दोन प्रयत्नांमधला वेळ मात्र कमी कमी होत होता, कारण ते आधीचं चालणारं तसंच ठेवून बाकीचं सुधारत होते. दुसरे दर वेळी सगळं मोडून नव्याने मांडत होते. म्हणजे पाना_पकड यांचा दुसरा प्रश्न, शाबूत काय राहिलं.

सांजवेळ :
उंबरठा, बरं वाटलं वाचून. आज इथेच थांबा, फायली मिटून ठेवा.

पाना_पकड :
एक विचारतो आणि जातो. टिकलेल्या ज्या बारा ठिकाणी दिवसा नोंदी होत होत्या त्यांचं सोडा. त्या डायरीत असं काय होतं जे तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये नव्हतं?

उंबरठा :
काल डायरी वापरणाऱ्या एका दवाखान्यात गेलो, डॉक्टर नसतानाच्या वेळी. रिसेप्शनवरच्या ताईंनी डायरी दाखवली. सगळं पेन्सिलीने. सव्वादहा आणि साडेदहाच्या ओळींमध्ये बारीक अक्षरात आणखी दोन नावं घुसवलेली, एकापुढे बाण काढून "ताप असेल तर आधी". आमच्याकडे सव्वादहानंतर थेट साडेदहा. मधे जागाच नव्हती.

त्यांना म्हटलं, मागच्या वर्षीची डायरी दोन दिवस देता का. शनिवारी देणार आहेत.

गणिती :
तारीख घालून लिहून ठेवा, डायरीत काय सापडेल असं आज वाटतंय ते. शनिवारच्या आधी.